परदेशी तबकड्या आणि ओळखीचे सूर

विद्यार्थिमित्रांनो, ‘अल्बम’ हा शब्द हल्लीं तुमच्या तोंडीं वारंवार येतो. पण त्याचा मूळ अर्थ फार थोड्यांच्या ध्यानीं असतो. लाखेच्या ज्या जुन्या तबकड्या मिनिटाला सुमारें ७८ फेरे घेत, त्यांच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचेंच गायन मावे. एखादी मोठी रचना मुद्रित करावयाची झाली म्हणजे ती अनेक तबकड्यांवर विभागावी लागे, आणि मग त्या साऱ्या तबकड्या जाड पाकिटांच्या एका पुस्तकांत बांधून विकीत. छायाचित्रांच्या वहीसारख्या दिसणाऱ्या या पुस्तकाला अल्बम म्हणत. पुढें १९४८ सालीं अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी दीर्घ तबकडी बाजारांत आणली. तिच्या एकेका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक वेळाचें संगीत बसूं लागलें. पुस्तकाची गरज सरली. शब्द मात्र राहिला.

या बदलाचा परिणाम केवळ सोयीपुरता नव्हता. तीन मिनिटांच्या तबकडीवर गाणें एकटें असे. दीर्घ तबकडीवर दहा-बारा गाणीं शेजारीं शेजारीं नांदूं लागलीं. कोणतें आधीं, कोणतें नंतर, बाजू उलटण्यापूर्वीं शेवटचें कोणतें, हा विचार करणें रचनाकारांना भाग पडलें. पुस्तकांतील प्रकरणांना जसा क्रम असतो, तसा गाण्यांनाहि आला. म्हणून अशी तबकडी तुकड्यातुकड्यांनीं न ऐकतां आरंभापासून शेवटपर्यंत ऐकावी, असें जाणते लोक सांगतात.

आमचे एक वडील स्नेही छावणींत राहतात. बँकेंतील नोकरींतून ते निवृत्त झाले आहेत, आणि तरुणपणीं जमविलेल्या ब्रिटिश गाण्यांच्या तबकड्या त्यांनीं जिवापाड जपल्या आहेत. गेल्या सहामाहींत दर शनिवारीं संध्याकाळीं आम्ही दोघे त्यांतील कांहीं तबकड्या पुन्हां ऐकावयास बसत असूं. निवड करतांना एकच अट ठेविली होती: ज्या तबकडीचा आपल्या देशाशीं, शक्य तर आपल्या महाराष्ट्राशीं, कांहीं ना कांहीं संबंध आहे तीच घ्यावयाची. पहिल्या वेळीं कोणीं बोलावयाचें नाहीं. दुसऱ्या वेळीं वेष्टनावरील सर्व मजकूर वाचावयाचा. तिसऱ्या वेळीं एकाच वाद्याकडे कान ठेवावयाचा, असा नियम होता. या श्रवणांतून जें हातीं लागलें तें येथें थोडक्यांत मांडीत आहों.

आरंभींच स्नेह्यांनीं एक आक्षेप घेतला. ते म्हणाले, “मास्तर, गोऱ्या माणसानें सतार हातीं घेतली कीं आपण हुरळून जातों. आपल्या वाद्याची किंमत त्यांनीं वाजविल्यावर वाढते काय? त्यांना तो नुसता मसाला, भाजी त्यांचीच.” हा आक्षेप क्षुल्लक नाहीं. परक्याच्या शाबासकीनें आपल्या वस्तूचें मोल ठरविण्याची खोड आपल्यांत आहे, हें कोण नाकबूल करील? पण मसाला कोणता व भाजी कोणती हें चाखल्याशिवाय कसें ठरावें? तेव्हां आम्हीं एक कसोटी सुचविली. गाण्यांतून तें वाद्य काढून टाकल्यास गाणें उभें राहतें कीं कोसळतें, एवढेंच पाहावयाचें. उभें राहिलें तर तो मसाला. कोसळलें तर तो गाण्याचा पाया. ही कसोटी त्यांना मान्य झाली.

पहिली तबकडी बीटल्स या चौघांच्या मंडळीची ‘रबर सोल’. ती डिसेंबर १९६५ मध्यें निघाली. तींत ‘नॉर्वेजियन वुड’ या गाण्यांत जॉर्ज हॅरिसन यानें सतार वाजविली आहे. त्याच वर्षीं एका चित्रपटाच्या वेळीं ती त्याच्या दृष्टीस पडली होती, आणि तिचें शिक्षण त्याला अद्याप मिळालेलें नव्हतें. गिटारीवर जी चाल वाजते तीच सतारीवर वाजते. कसोटी लावली, तर सतार काढूनहि गाणें उभें राहतें. फक्त त्याचा रंग उडतो. स्नेह्यांनीं आमच्याकडे पाहिलें, व आम्हीं मुकाट्यानें त्यांचा पक्ष मान्य केला.

दुसरी तबकडी ‘रिव्हॉल्व्हर’, ऑगस्ट १९६६ ची. तिच्यांतील ‘लव्ह यू टू’ या गाण्याच्या आरंभीं सतारीचे मोकळे, तालावांचून स्वर ऐकूं येतात, आणि मग तबला सुरू होतो. आधीं आलाप व नंतर गत, हा आपल्या वादनाचा क्रम येथें प्रथमच पाळलेला दिसतो. तबला वाजविणाऱ्याचें नांव वेष्टनावर छापलेलें आहे: अनिल भागवत. हें आडनांव आपल्या कानांना परकें नाहीं. येथें तबला काढला तर गाण्याचा ठेकाच जातो. म्हणजे आठ महिन्यांत उसनी वस्तू घरांत रुळूं लागली होती.

त्याच वर्षीं सप्टेंबर महिन्यांत हॅरिसन मुंबईस आला, ताजमहाल हॉटेलांत उतरला, आणि पंडित रविशंकर यांच्यापाशीं सतार शिकला. जगांत ज्याचा डंका वाजत होता असा तेवीस वर्षांचा तरुण शिष्य म्हणून जमिनीवर बसला. आमच्या मतें या साऱ्या कथेंतील विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट हीच आहे.

त्या शिक्षणाचें फळ तिसऱ्या तबकडींत दिसतें. ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ ही १९६७ च्या मे महिन्याच्या अखेरीस निघाली. वेष्टनावर सर्व गाण्यांचे शब्द छापले होते. तबकडी ऐकतां ऐकतां वाचावयाचीहि वस्तू झाली, ती अशी. तिची दुसरी बाजू ‘विदिन यू विदाउट यू’ या पांच मिनिटांच्या गाण्यानें सुरू होते. त्यांत हॅरिसनखेरीज मंडळींतील दुसरें कोणीहि नाहीं. सुरुवातीपासून तंबोरा घुमतो. गाणाऱ्याच्या आवाजामागोमाग दिलरुबा जातो, जसा आपल्याकडे गायकाच्या साथीला सारंगी जाते. स्वर खमाज थाटाशीं जुळणारे, म्हणजे निषाद तेवढा कोमल. मध्यें ताल बदलून दहा मात्रांचा झपताल येतो, आणि वाद्यांवाद्यांत सवालजवाब होतो.

याच ठिकाणीं एक मोठी अडचण उभी राहिली असावी, ती समजून घेण्यासारखी आहे. दिलरुबा गजानें वाजतो, आणि त्यावर एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जातां येतें. या घसरणीला आपण मींड म्हणतों. या गाण्यांत आठ व्हायोलिनें व तीन चेलो हीं पाश्चात्त्य वाद्येंहि आहेत. पाश्चात्त्य वादक कागदावर लिहिलेला स्वर वाजवितो, आणि दोन स्वरांमधील वाट सहसा कागदावर नसते. जॉर्ज मार्टिन या संगीतसंयोजकाला ती वाट, ती मींड, व्हायोलिनवाल्यांसाठीं लिहून काढावी लागली. आपल्या गुरुजनांनीं पिढ्यान् पिढ्या तोंडीं शिकविलेली गोष्ट लंडनमध्यें अशी कागदावर उतरली. कसोटी लावावयास गेलों, तों स्नेही स्वतःच म्हणाले, “येथें काढावयाचें काय आणि ठेवावयाचें काय? सारें गाणेंच आपल्या पद्धतीनें रचलें आहे.”

परंतु वेष्टन वाचतांना एक गोष्ट खटकली. आतां ज्यांच्या दिलरुब्यावर, तंबोऱ्यावर व तबल्यावर गाणें उभें आहे, त्या वादकांचीं नांवें तेथें नाहींत. ते लंडनमध्यें राहणारे भारतीय होते. जोशी, गज्जर, कंसारा, सोनी अशीं त्यांचीं आडनांवें लोकांच्या कानीं पडावयास पुष्कळ वर्षें जावीं लागलीं. जगांतील सर्वांत गाजलेल्या तबकड्यांपैकीं एकीवर ज्यांचे हात वाजतात, ते अनाम राहिले. स्नेह्यांचा मूळ आक्षेप येथें वेगळ्या रूपानें परत आला, आणि त्याला आमच्यापाशींहि उत्तर नव्हतें. वाद्य आदरानें घेतलें, पण वाजविणारा विसरला गेला.

या ठिकाणीं थोडी आपल्याकडची हकीकत सांगणें अवश्य आहे. बीटल्स मंडळी ज्या ई. एम. आय. कंपनीच्या लंडनमधील अॅबी रोड येथील ध्वनिमुद्रणगृहांत गात, ती कंपनी १९३१ सालीं दोन जुन्या कंपन्या एकत्र येऊन झाली. त्या दोहोंपैकीं एक म्हणजे ग्रामोफोन कंपनी; कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा तिचाच. आपल्या आजोबा-पणजोबांनीं नाट्यगीतें व अभंग ज्या कुत्र्याच्या तबकड्यांवर ऐकले, त्याच घराण्याची ही लंडनची शाखा. कलकत्त्याजवळ दमदम येथील कारखान्यांत आपलींहि गाणीं छापलीं जात व त्यांचींहि. आणि मुंबईस या कंपनीच्या ध्वनिमुद्रणाची धुरा दीर्घकाळ सांभाळली ती एका मराठी माणसानें, जी. एन. जोशी यांनीं. मराठी भावगीताचे ते एक आद्य गायक. १९६७ सालीं, म्हणजे ‘सार्जंट पेपर’च्याच वर्षीं, त्यांच्या देखरेखीखालीं ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी तयार झाली. शिवकुमार शर्मा यांचें संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बांसरी, ब्रिजभूषण काबरा यांची गिटार आणि माणिकराव पोपटकर यांचा तबला. काश्मीरमधील एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस एकेका प्रहराच्या रागांतून सांगणारी ही तबकडी आहे. दीर्घ तबकडी एकसंध कथा सांगूं शकते हा शोध लंडनमध्यें ज्या काळीं लागत होता, त्याच काळीं तो मुंबईंतहि लागत होता, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगितली पाहिजे.

जानेवारी १९६८ मध्यें हॅरिसन पुन्हां मुंबईस आला तो ध्वनिमुद्रणासाठीं. सर फिरोजशहा मेहता रस्त्यावरील कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहांत त्यानें आपल्याकडील वादकांना घेऊन एका चित्रपटाचें संगीत मुद्रित केलें. तेथील सोय बेताची होती. कचेऱ्या सुटण्याच्या वेळीं जिन्यावरून उतरणाऱ्यांच्या पावलांचा आवाज येई, म्हणून काम थांबवावें लागे, अशी आठवण त्यानें पुढें सांगितली आहे. हें संगीत ‘वंडरवॉल म्यूझिक’ या नांवानें नोव्हेंबर १९६८ मध्यें निघालें. बीटल्सपैकीं एकट्यानें काढलेली ही पहिली तबकडी. आणि या खेपेस वादकांचीं नांवें दिलेलीं आहेत. त्यांत संतूरवादक शिवकुमार शर्मा आहेत, सरोदवादक आशिष खान आहेत, आणि बांसरीवाले एस. आर. केंकरे आहेत. स्नेह्यांनीं तीं नांवें मोठ्यानें वाचलीं, आणि “आतां हिशेब सरळ झाला,” असें म्हणून तबकडी लावली.

अशा रीतीनें चार वर्षांत चार पायऱ्या दिसतात. १९६५ मध्यें वाद्य उसनें घेतलें. १९६६ मध्यें त्याची रीत पाळली. १९६७ मध्यें त्या रीतीनें संबंध गाणें रचलें. आणि १९६८ मध्यें त्या रीतीच्या माणसांच्या दारीं येऊन, त्यांच्याबरोबर बसून, त्यांचीं नांवें लिहून काम केलें. दुसऱ्याची विद्या घेण्याच्या याच पायऱ्या होत. आपल्या शहरांतील हिमरू पाहा. सुती व रेशमी असे दोन धागे एका मागावर येतात; कोणताहि धागा आपला धर्म सोडीत नाहीं, तरी कापड एक होतें. पण तें व्हावयास विणकराला दोन्ही धाग्यांचा स्वभाव ठाऊक असावा लागतो. एकच धागा ठाऊक असलेल्याच्या हातून नुसती गुंतागुंत होते.

पुढच्या शनिवारीं आम्हीं ‘क्वीन’ या मंडळीची ‘ए नाइट अॅट दि ऑपेरा’ ही १९७५ ची तबकडी लावली. तिचा मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी. त्याचें मूळ नांव फरोख बलसारा. पारशी कुटुंबांत, झांजीबार येथें, ५ सप्टेंबर १९४६ रोजीं त्याचा जन्म झाला, आणि त्याचें शालेय शिक्षण पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत झालें. तेथेंच तो पियानो शिकला, तेथेंच शाळासोबत्यांसह त्यानें ‘हेक्टिक्स’ नांवाची छोटी वाद्यमंडळी काढली, आणि ‘फ्रेडी’ हें नांवहि त्याला तेथेंच पडलें. स्नेही म्हणाले, “या तबकडींत ना सतार, ना तबला. पांचगणीचें येथें काय आहे?” आम्हीं म्हटलें, “शाळा मुलाला चाल देत नाहीं, कान देते.” याच तबकडींतील ‘बोहेमियन रॅप्सडी’ हें जवळजवळ सहा मिनिटांचें गाणें घ्या. त्याच्या मधल्या भागांत एक मोठा समूह गातो असें वाटतें. वास्तविक तिघांचेच आवाज पुनःपुन्हां मुद्रित करून एकावर एक चढविले आहेत. ज्यानें मुलांच्या गायनवृंदांत उभें राहून शेजाऱ्याच्या स्वराकडे लक्ष देत आपला स्वर सांभाळला असेल, त्यालाच अशी रचना सुचते. आमच्या गायनवर्गांत चार आवाजांचें गायन बसवितांना जीं मुलें कंटाळतात, त्यांनीं हा भाग एकदां लक्ष देऊन ऐकावा.

शेवटची तबकडी अलीकडची, सप्टेंबर १९९७ ची. ब्रिटनमध्यें मोठ्या कंपन्यांच्या आश्रयाबाहेर, लहान स्वतंत्र कंपन्यांच्या बळावर जें संगीत निघतें, त्याला ‘इंडी’ म्हणतात. स्वतंत्र या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचें तें लघुरूप होय. ‘कॉर्नरशॉप’ ही त्या वर्गांतील मंडळी. ब्रिटनमधील आपल्या लोकांचीं कोपऱ्यावरचीं दुकानें सर्वांना परिचित, त्यावरून हें नांव घेतलें. तिचा प्रमुख तजिंदर सिंग हा इंग्लंडांतच जन्मलेला पंजाबी तरुण. ‘व्हेन आय वॉज बॉर्न फॉर द सेव्हन्थ टाइम’ या त्यांच्या तबकडींत ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ नांवाचें गाणें आहे, आणि ही आशा म्हणजे आपल्या आशा भोसले. ८ सप्टेंबर १९३३ रोजीं सांगलीस जन्मलेल्या, मास्टर दीनानाथांच्या कन्या, ज्यांनीं १९४३ सालच्या ‘माझं बाळ’ या मराठी चित्रपटांत प्रथम गाइलें, त्याच. चित्रपटांतील पार्श्वगायकांच्या लहान तबकड्यांनीं सामान्य माणसाला दिलेला आधार, हा त्या गाण्याचा विषय. लता मंगेशकर व महंमद रफी यांचींहि नांवें त्यांत येतात. प्रथम तें फारसें चाललें नाहीं. पुढें नॉर्मन कुक यानें त्याची गति वाढवून नवी आवृत्ति केली, आणि फेब्रुवारी १९९८ मध्यें तें ब्रिटनच्या यादींत पहिल्या क्रमांकावर चढलें.

येथें आमची कसोटी निरुपयोगी ठरली, कारण येथें कांहीं उसनें घेतलेलेंच नाहीं. परदेशीं वाढलेला मुलगा घरांत जें संगीत ऐकलें त्याची आठवण आपल्या नव्या देशाच्या भाषेंत सांगतो आहे. आणि याच तबकडीच्या शेवटीं काय आहे? बीटल्सचें तेंच ‘नॉर्वेजियन वुड’, पण पंजाबी भाषेंत गाइलेलें. १९६५ मध्यें जी सतार इंग्रजी गाण्यांत पाहुणी म्हणून गेली होती, ती बत्तीस वर्षांनीं इंग्रजी गाणेंच पाहुणें म्हणून घरीं घेऊन आली. स्नेह्यांनीं तें गाणें पुन्हां लावावयास सांगितलें. त्यांचा आक्षेप पुरता मिटला असें आम्ही म्हणत नाहीं. पण “मसाला” हा शब्द त्या संध्याकाळीं त्यांनीं उच्चारला नाहीं.

आतां पालकांशीं दोन शब्द. मुलें इंग्रजी गाणीं ऐकतात ही तक्रार आमच्याकडे पुष्कळदां येते. सर्वच गाणीं चांगलीं आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. कित्येकांतील मजकूर कोवळ्या वयाला उचित नाहीं, आणि तेथें वडीलधाऱ्यांनीं स्पष्ट बोलावें. पण न ऐकतां निषेध केल्यास मुलें तीं गाणीं सोडीत नाहींत. आपल्याशीं बोलणें सोडतात. त्यापेक्षां एक संध्याकाळ त्यांच्याजवळ बसावें, एक अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावा, आणि विचारावें: यांत वाजतें तें वाद्य कोणतें? वाजविणारा कोण? हें गाणें याच जागीं कां ठेविलें? मग आपण ऐकलेली एखादी तबकडी त्यांना ऐकवावी, आणि त्यांनाहि आपल्याला प्रश्न विचारूं द्यावे. अशा देवाणघेवाणींत दोन्ही पिढ्यांचे कान तयार होतात.

विद्यार्थ्यांना आमची एक सूचना आहे, आणि ती याच श्रवणांतून सुचलेली आहे. हल्लीं गाणीं भ्रमणध्वनीवर ऐकतात. तेथें हातांत वेष्टन नसतें, आणि गायकाखेरीज कोणाचें नांव सहसा डोळ्यांसमोर येत नाहीं. म्हणून आवडत्या गाण्याची एक वही करा. गाण्याचें नांव, वर्ष, गायक, कवि, संगीतकार लिहा. आणि मग शोधून काढून तबला कोणीं वाजविला, बांसरी कोणाची, ध्वनिमुद्रण कोणीं केलें, हेंहि लिहा. नांव सांपडलें नाहीं तर जागा कोरी ठेवा. पुढें केव्हां तरी ती भरेल. आणि यंदाच्या स्नेहसंमेलनाची कार्यक्रमपत्रिका छापण्यास जाण्यापूर्वीं जी मंडळी ती तयार करील, तिनें गाणाऱ्या मुलींच्या नांवांखालीं हार्मोनियमवर बसणाऱ्या मुलाचें, तबलजीचें, आणि पडद्यामागें ध्वनिवर्धक सांभाळणाऱ्या मुलाचेंहि नांव घालावें. चार ओळी वाढतील, कागद थोडा अधिक लागेल; पण तीं नांवें त्यांच्या घरीं ज्या आनंदानें वाचलीं जातील, त्यापुढें तो खर्च कांहींच नाहीं.